कोरियन शिकू पाहणाऱ्या नवशिक्याने साहित्य कसे निवडावे

सुरतेतल्या मराठी माणसाला नवी भाषा शिकण्याचे फारसे अप्रूप नसते. खानदेशातून ताप्तीच्या काठाने येऊन उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थायिक झालेल्या कुटुंबातले मूल घरात अहिराणी ऐकते, महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत प्रमाण मराठी गिरवते, आणि मोठे होऊन कामाला लागले की कारखान्यात हिंदी व कापडबाजारात गुजराती अशा रीतीने बोलू लागते, की ती केव्हा शिकली हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. यांपैकी एकाही भाषेसाठी त्याने पुस्तक विकत घेतलेले नसते. शेजार, बाजार आणि सोबतीचे कामगार हेच त्याचे शिक्षक. कोरियन भाषेची गोष्ट मात्र निराळी आहे. ती रिंगरोडवर कानी पडत नाही, आगगाडीच्या डब्यात ऐकू येत नाही, आणि म्हणून इतर भाषांच्या बाबतीत जे काम वस्तीने विनामोबदला करून दिले, ते सारे येथे पुस्तक, ध्वनिमुद्रण आणि शिक्षक यांच्याकडून करवून घ्यावे लागते. साहित्याच्या निवडीला या भाषेच्या बाबतीत इतके महत्त्व येते ते यामुळेच.

ही भाषा शिकण्याची इच्छा आज दोन वाटांनी घरात शिरते. एक वाट मनोरंजनाची: हिंदीत बोलत्या केलेल्या कोरियन मालिका आणि तिकडचे संगीत यांनी शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींना ज्या वेगाने वेड लावले, ते कोणत्याही पालकाला वेगळे सांगायला नको. दुसरी वाट उपजीविकेची. सुरतेच्या वेशीवर हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात 'के-९ वज्र' ही स्वचालित तोफ तयार होते, ती हानव्हा या दक्षिण कोरियाच्या कंपनीच्या तंत्रज्ञानावर. २०१७ साली झालेल्या करारातल्या शंभर तोफांपैकी शेवटची फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराच्या स्वाधीन झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ७,६२८ कोटी रुपयांचा नवा करार केला. महाराष्ट्रात रांजणगावला एलजी, माणगावजवळ पोस्को आणि तळेगावला ह्युंदाई आहे. शिवाय २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकवावयाच्या परकीय भाषांची जी नावे दिली आहेत, त्यांत कोरियनचा समावेश आहे. तात्पर्य, हा नाद आहे असे म्हणून वडीलधाऱ्यांनी हात झटकावेत अशी परिस्थिती राहिलेली नाही. परंतु नाद असो की उद्योग, पैसे खर्च करण्यापूर्वी थोडा विचार केलेला बरा.

प्रथम प्रयोजन

पुस्तकांची फेरिस्त करण्याआधी एका कोऱ्या कागदावर आपल्याला ही भाषा कशासाठी हवी आहे ते एका वाक्यात लिहून काढावे. ज्याला मालिका मुळातून समजाव्यात एवढीच हौस आहे, त्याने श्रवणप्रधान साहित्य घ्यावे आणि व्याकरणाच्या जाड ग्रंथांपासून तूर्त दूर राहावे. ज्याला दक्षिण कोरियात जाऊन उच्च शिक्षण घ्यावयाचे आहे, त्याला क्रमवार पाठ्यपुस्तकांवाचून गत्यंतर नाही. तेथील सरकारच्या 'ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप'मध्ये पदवीच्या अभ्यासाआधी सामान्यतः एक वर्ष भाषाशिक्षणाची तरतूद असते, पण येथून पाया घालून गेलेल्या विद्यार्थ्याचे ते वर्ष सुकर होते हे उघड आहे. आणि ज्याला कारखान्यात अगर कंपनीच्या दप्तरात दुभाष्याचे काम करण्याची उमेद आहे, त्याने पहिल्या दिवसापासून औपचारिक व अनौपचारिक अशा दोन्ही आदरवाचक रूपांचा सराव देणारे पुस्तकच पाहावे, कारण त्याच्या व्यवसायात बोलण्यातली अदब हा कामाचाच भाग असतो. या तिघांनी एकमेकांची पुस्तके उसनी घेतली तर तिघांचाही विरस होईल.

पुस्तक कोणासाठी लिहिले आहे

बाजारात सहज हाती येणारी बहुतेक पुस्तके इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला समोर ठेवून लिहिलेली आहेत, आणि मराठी वाचकाने निवड करताना ध्यानात ठेवण्याची सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षणसंस्थेने कोरियनची गणना अत्यंत कठीण भाषांच्या वर्गात केली असून तिच्यासाठी सुमारे २,२०० तासांचे अध्यापन लागते असा हिशेब मांडला आहे. हा आकडा वाचून अनेक उमेदवार पहिल्याच पायरीवर खचतात. परंतु तो हिशेब इंग्रजी भाषकाचा आहे. इंग्रजी पुस्तक ज्या गोष्टी समजावून देण्यासाठी पानेच्या पाने खर्ची घालते, त्यांतल्या कितीतरी आपण पाळण्यातच शिकलेलो असतो.

एक साधे वाक्य घ्या. 'मी पुस्तक वाचतो' हे कोरियनमध्ये 'जॉनुन छेगुल इल्गॉयो' असे होईल. 'जॉ' म्हणजे नम्रपणे उच्चारलेले मी, 'छेक' म्हणजे पुस्तक, शेवटी वाचण्याचे क्रियापद. नामांना मागून चिकटलेले 'नुन' आणि 'उल' हे प्रत्यय. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम आपलाच. नामामागे प्रत्यय लावण्याची रीत आपलीच. समोरच्या माणसाचा मान पाहून क्रियापदाचे रूप बदलण्याची सवयही 'ये, या, यावे' म्हणणाऱ्या मराठी माणसाला उपजत. उलट, तेथे क्रियापदाला लिंग नाही आणि पुरुषही नाही, त्यामुळे 'इल्गॉयो' हे एकच रूप वाचतो, वाचते आणि वाचतात या तिन्हींचे काम भागवते. म्हणून वाक्यरचनेवरची लांबलचक विवेचने मराठी विद्यार्थ्याने खुशाल भराभर उलटावीत आणि त्यातून वाचलेला वेळ ज्या तीन ठिकाणी आपली खरी अडचण आहे तेथे लावावा: उच्चार, शब्दसंग्रह, आणि 'नुन' व 'गा' यांसारख्या प्रत्ययांतला सूक्ष्म भेद, ज्याला आपल्या विभक्तींत नेमका जोड नाही.

म्हणूनच पुस्तकाची परीक्षा त्याच्या प्रस्तावनेवरून अथवा मुखपृष्ठावरून करू नये. कापडाचा व्यापारी तागा घेताना जसा वरचा पदर सोडून आतली घडी उलगडून हात फिरवतो, तसा पुस्तकाचा मधला एखादा पाठ उघडून पाहावा. त्या पाठात कोरियन मजकूर कोरियन लिपीतच आहे का, प्रत्येक संवादाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे का, सरावाची उत्तरे मागे दिली आहेत का, आणि मागच्या पाठातले शब्द पुढच्या पाठात पुन्हा येतात का, हे चार प्रश्न विचारावेत. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला यांतला तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण उत्तरे नसलेले सरावपुस्तक शिक्षकावाचून निरुपयोगी ठरते.

लिपी आणि उच्चार

कोरियन लिपी राजा सेजोंग याने १४४३ साली सिद्ध केली आणि १४४६ साली प्रसिद्ध केली. चौदा मूळ व्यंजने आणि दहा मूळ स्वर एवढ्यावर तिची मांडणी उभी असून, जोडव्यंजने व संयुक्त स्वर धरले तर एकूण संख्या चाळीस होते. काही मूळ व्यंजनांच्या आकृती उच्चाराच्या वेळी जीभ, ओठ, दात, घसा यांची जी ठेवण होते तिच्यावरून घेतल्या आहेत आणि उरलेली त्यांना रेघा जोडून बनवली आहेत. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य हे वर्ग लहानपणी पाठ केलेल्या माणसाला त्यामागचा तर्क लगेच पटतो. व्यंजन आणि स्वर एकत्र बांधून एक अक्षर करण्याची पद्धतही बाराखडी घोकलेल्याला नवी नाही. एक-दोन आठवडे रोज अर्धा तास दिला, तर मंद गतीने का होईना पण वाचता येऊ लागते. तेव्हा संपूर्ण पुस्तकभर रोमन अक्षरांत कोरियन छापणारे साहित्य, ते कितीही स्वस्त असले, तरी घेऊ नये. प्रस्तुत लेखात मुद्रणाच्या सोयीसाठी कोरियन शब्द देवनागरीत दिले आहेत. विद्यार्थ्याने स्वतःच्या वहीत मात्र देवनागरीचाही आधार घेऊ नये, आणि याचे कारण थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

कोरियनमध्ये विस्तवाला, गवताला आणि शिंगाला जे तीन शब्द आहेत त्यांत फरक आहे तो केवळ पहिल्या व्यंजनाचा. विस्तवाच्या शब्दातले व्यंजन शब्दारंभी आपल्या 'प' आणि 'फ' यांच्या दरम्यान कोठेतरी पडते, आणि तेच दोन स्वरांच्या मध्ये आले की 'ब'सारखे ऐकू येते. गवताच्या शब्दातले महाप्राण. आणि शिंगाच्या शब्दातले घसा आवळून उच्चारलेले, जे आपल्या अल्पप्राण 'प'ला त्यातल्या त्यात जवळचे. हे तिन्ही शब्द देवनागरीत लिहायला गेले की बुल, फुल, पुल अशी काहीतरी तडजोड होते आणि त्या तडजोडीबरोबर चुकीचा उच्चार कायमचा जिभेवर बसतो. स्वरांतही 'ऑ' आणि 'ओ' हे निरनिराळे मानले जातात, आणि ओठ पसरून काढावयाचा एक 'उ'कार तर आपल्या वर्णमालेत नाहीच. हे पुस्तकात वाचून येत नाही, कानानेच यावे लागते.

याहून मौजेची बाब संधीची. रश्श्याला कोरियनमध्ये जो शब्द आहे त्याची अक्षरे 'गुक्-मुल' अशी लिहितात आणि उच्चार 'गुङ्मुल' असा करतात. वाक् आणि मय यांचे वाङ्मय ज्या नियमाने होते, तोच हा नियम. जगत् आणि नाथ यांचे जगन्नाथ होताना त् चा न् होतो, तसेच तेथेही होते. औपचारिक क्रियापदाच्या शेवटी 'हाप्-निदा' असे लिहिले तरी 'हाम्निदा' असेच म्हणतात. फरक इतकाच, की संस्कृतात संधी झाला की लेखनही बदलते, आणि कोरियनमध्ये लेखन मूळच्या घरातच राहते, फक्त बोलणे बदलते. हायस्कुलात ज्याने संस्कृतचे व्यंजनसंधी पाठ केले असतील, त्याला हे प्रकरण एका संध्याकाळात समजेल. इंग्रजी पुस्तकाने ते अपवादांच्या यादीसारखे मांडले असेल तर ती यादी बाजूला सारून आपल्या नियमाने तिची फेरमांडणी करावी. मात्र लिहिलेले आणि ऐकलेले यांच्यातल्या या अंतरामुळेच ध्वनिमुद्रण नसलेले पुस्तक हे अर्धेच पुस्तक समजले पाहिजे.

कोणती पुस्तके

सामान्य विद्यार्थ्याने सुरुवात विनामूल्य मिळणाऱ्या साहित्यापासून करावी. दक्षिण कोरियाच्या सरकारच्या आश्रयाने चालणाऱ्या किंग सेजोंग इन्स्टिट्यूटची 'सेजोंग कोरियन' ही पाठ्यपुस्तकमाला २०२२ साली सुधारून प्रसिद्ध झाली असून, संस्थेच्या संकेतस्थळावर नवशिक्यांसाठी अभ्यासक्रमही चालतात. पाठ लहान, चित्रे भरपूर, आणि विषय रोजच्या व्यवहाराचे. व्याकरणाचे विवरण त्रोटक असते हाच काय तो उणेपणा. तो भरून काढण्यासाठी दाराकवॉन प्रकाशनाच्या 'कोरियन ग्रामर इन यूज' या तीन भागांच्या मालेतला पहिला भाग जवळ ठेवावा. त्यात एकेक व्याकरणघटक उदाहरणांसह समजावून दिला आहे, सारख्या दिसणाऱ्या रूपांतले भेद समोरासमोर ठेवून दाखवले आहेत आणि उत्तरेही दिली आहेत. परंतु हा संदर्भग्रंथ आहे. तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कादंबरीसारखा वाचत सुटणाऱ्याच्या हाती नियम येतात, भाषा येत नाही.

ज्यांना विद्यापीठीय शिस्तीने जावयाचे आहे, त्यांनी सोल नॅशनल युनिव्हर्सिटीची माला पाहावी. तिच्यात पाठ्यपुस्तक आणि सरावपुस्तक वेगवेगळे घ्यावे लागते, त्यामुळे खर्चाचा अंदाज करताना दोन्हींची किंमत धरावी. सोगांग विद्यापीठाची माला संभाषणावर भर देते आणि जोडीदार किंवा शिक्षक मिळाला तरच तिचे चीज होते. हवाई विद्यापीठाच्या मुद्रणालयाने काढलेली 'इंटिग्रेटेड कोरियन' ही माला अमेरिकी महाविद्यालयांसाठी आहे. तिचे विवेचन सखोल आहे, पण वर सांगितलेला इंग्रजी भाषकासाठीचा मजकूर तिच्यात साहजिकच अधिक आढळतो. कानाने शिकू इच्छिणाऱ्यांसाठी २००९ पासून चालू असलेले 'टॉक टू मी इन कोरियन'चे ध्वनिपाठ सोपे व प्रसन्न आहेत, आणि उधन्याहून हजिऱ्याला जाणाऱ्या बसमध्येही ते ऐकता येतात.

या सर्वांतून मुख्य पुस्तक एकच ठरवावे. भ्रमणध्वनीत चाळीस पुस्तकांच्या प्रती साठवून ठेवणारा विद्यार्थी प्रत्येकाचा पहिला पाठ चार वेळा वाचतो आणि दुसऱ्या पाठापर्यंत कोणत्याच पुस्तकात पोहोचत नाही. सगळ्या पहिल्या पाठांत नमस्कार आणि नाव-गाव हाच मजकूर असल्यामुळे आपल्याला बरेच येते असा त्याचा समज मात्र होऊन बसतो.

कोश, वही आणि उपकरणे

शब्दकोश छापील घेण्याची आज गरज उरलेली नाही. दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय भाषासंस्थेने परकीय विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला कोश संगणकावर विनामूल्य पाहता येतो. त्यात अर्थाबरोबर प्रत्यक्ष उच्चारही नोंदलेला असतो, म्हणजे 'गुक्-मुल' आणि 'गुङ्मुल' यांतला फरक तेथल्या तेथे रुजुवात करून घेता येतो. यंत्राने केलेल्या भाषांतरावर आरंभी विसंबू नये, कारण आदराची पायरी ओळखण्यात यंत्र हमखास घसरते. शब्द घोकण्यासाठी 'अँकी'सारखे साधन उपयुक्त आहे. मात्र दुसऱ्याने तयार केलेला दोन हजार शब्दांचा संच उतरवून घेण्याऐवजी आपल्या पाठातले शब्द आपणच भरावेत. 'ड्युओलिंगो'सारखी खेळवजा साधने सवय टिकवण्यापुरती ठीक; त्यांना मुख्य अभ्यास समजू नये.

संख्यांसाठी वहीत स्वतंत्र पान ठेवणे अगत्याचे आहे. कोरियनमध्ये हाना, दुल, सेत ही देशी संख्यामाला आणि इल, इ, साम ही चिनी मुळाची संख्यामाला अशा दोन माला एकाच वेळी वापरात आहेत; घड्याळ सांगताना तास पहिल्या मालेत आणि मिनिटे दुसऱ्या मालेत मोजतात, पैसे आणि तारखा दुसरीत, माणसाचे वय बोलण्यात बहुधा पहिलीत. ज्या पुस्तकाने या दोन माला एकाच पाठात कोंबून पुढे धाव घेतली असेल, त्याने विद्यार्थ्याची सोय पाहिलेली नाही असे खुशाल समजावे.

मालिकांविषयी दोन शब्द. त्या पाहाव्यात, पण हिंदी आवाजात नव्हे. मूळ आवाज ठेवून, एखाद्या प्रसंगाचे दोन मिनिटांचे संवाद तीन-चार वेळा ऐकावेत. मात्र मित्रमैत्रिणी आणि प्रेमिक यांच्या तोंडची भाषा सलगीची असते, तिच्यात शेवटचा आदरवाचक 'यो' गळालेला असतो. ती जशीच्या तशी उचलून कारखान्यातल्या कोरियन अभियंत्याशी बोलणे म्हणजे साहेबाला अरे-तुरे करण्यासारखे होईल.

वर्ग आणि परीक्षा

शिकवणीचा वर्ग निवडताना फी विचारण्याआधी एक तास बसू द्यावे अशी विनंती करावी. शिक्षक फळ्यावर कोरियन लिपीत लिहितात की रोमनमध्ये, विद्यार्थ्यांना बोलावयास लावतात की स्वतःच बोलत राहतात, आणि चुकलेला उच्चार तेथल्या तेथे दुरुस्त करतात की नाही, एवढे पाहिले तरी पुरे. शिक्षक कोरियनच असला पाहिजे असे नाही; मराठी, हिंदी वा गुजराती जाणणारा शिक्षक आपल्या जिभेची खोड लवकर ओळखतो. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठासारख्या ठिकाणी ही भाषा पदवीपर्यंत शिकवली जाते, आणि तेथून बाहेर पडलेले काही शिक्षक दूरस्थ पद्धतीने शिकवतात, त्यांचाही विचार करावा.

परीक्षा द्यावयाची असल्यास 'टोपिक' या परीक्षेची माहिती आधी घ्यावी. तिच्या पहिल्या भागात श्रवणाचे तीस आणि वाचनाचे चाळीस प्रश्न असतात. दोनशेपैकी ऐंशी गुणांना पहिली श्रेणी आणि एकशे चाळीस गुणांना दुसरी श्रेणी मिळते. तिसऱ्या ते सहाव्या श्रेणीसाठी दुसरा भाग असून त्यात लेखनाचाही समावेश आहे. निकाल दोन वर्षेच ग्राह्य धरला जातो, म्हणून उपयोग असेल त्याच सुमारास परीक्षेला बसावे. जुन्या प्रश्नपत्रिका परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. तेव्हा सरावसंचांवर पैसे खर्च करण्यापूर्वी त्या सोडवून पाहाव्यात.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. 'ईपीएस-टोपिक' या नावाची एक वेगळी परीक्षा आहे. ती ज्या देशांशी दक्षिण कोरियाने मजूर पाठवण्याचे करार केले आहेत, अशा नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका वगैरे देशांतल्या उमेदवारांसाठी असते, आणि भारत त्या यादीत नाही. तिची पुस्तके सहज मिळतात, आणि त्यांच्या आधारे नोकरीचे आमिष दाखवणारा मध्यस्थही भेटण्याचा संभव असतो. नावातल्या साम्यामुळे फसून अशा पुस्तकावर किंवा माणसावर पैसे घालवू नयेत.

खरेदीचा क्रम

सारांश असा, की पहिल्या महिन्यात काहीच विकत घेऊ नये: लिपी, उच्चार आणि विनामूल्य ध्वनिपाठ एवढ्यावर काम चालवावे. महिनाअखेर रोजचा अर्धा तास टिकला असेल, तर मुख्य पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग घ्यावा. प्रत्यय आणि क्रियापदांची रूपे मिसळू लागली की व्याकरणाचा संदर्भग्रंथ. आणि पहिले पुस्तक निम्मे झाल्यावर, म्हणजे बोलण्यासाठी जवळ चार वाक्ये जमा झाल्यावर, वर्ग किंवा शिक्षक. महागडे संच, संपूर्ण मालेची एकदम खरेदी आणि वर्षभराची आगाऊ फी या तिन्ही गोष्टी पुढे ढकलाव्यात. पुस्तक पटत नाही असे वाटले तरी ते निदान पाच पाठ होईपर्यंत बदलू नये, कारण पहिल्या पाच पाठांतला कंटाळा बहुधा पुस्तकाचा नसून अनोळखी लिपीचा असतो. आणि ज्याने एक साधारण पुस्तक शेवटच्या पानापर्यंत, सरावासह आणि मोठ्याने वाचून, पुरे केले, त्याला दुसरे कोणते घ्यावे हे कोणाला विचारण्याची गरज सहसा राहत नाही. आपल्याला काय येते आणि कोठे अडते हे तोवर त्याचे त्यालाच ठाऊक झालेले असते.